सहस्रचंद्रदर्शनाच्या बारा प्रती : घरच्या संगणकासाठी डीव्हीडी रायटर (प्रकल्प नोंदी)

८ नोव्हेंबर २००९, रविवार

अण्णांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सोहळ्याचे चित्रीकरण छायाचित्रकाराने एका डीव्हीडीवर काल घरी आणून दिले. नातेवाइकांना देण्यासाठी आणखी बारा प्रती हव्यात असे सांगितल्यावर त्याने प्रतीमागे १५० रुपये दर सांगितला, म्हणजे एकूण १,८०० रुपये झाले. प्रती घरीच काढल्या तर त्याची काही हरकत नाही, हेही त्याने मोकळेपणाने सांगितले. नाशिकच्या अंबडमधील कारखान्यात भांडार आणि खरेदी सांभाळताना कोणताही दर ऐकला की शेजारी दुसरा दर मांडून पाहण्याची सवय लागली आहे. त्यामुळे या रकमेत घरच्या संगणकाला स्वतःचा डीव्हीडी रायटर बसवता येईल का, हा हिशेब रात्रीच सुरू झाला.

प्रतींखेरीज दुसरीही एक गरज आहे. गेल्या सहा वर्षांची छायाचित्रे, सुमारे १९ जीबी, एकाच हार्ड डिस्कवर पडून आहेत आणि गेल्याच महिन्यात आमच्या विभागातील एका सहकाऱ्याची डिस्क कोणतीही पूर्वसूचना न देता बंद पडली. सीडीवर ७०० एमबी मावते, म्हणजे एवढ्या छायाचित्रांसाठी अठ्ठावीसच्या आसपास सीडी लागतील. डीव्हीडीवर तेच काम पाच डिस्कमध्ये होईल.

१० नोव्हेंबर

बाजारात जाण्यापूर्वी संगणकाचे झाकण उघडून आत काय आहे ते पाहिले. संगणक २००३ सालचा आहे, पेंटियम ४ प्रोसेसर आणि इंटेल ८४५ चिपसेटचा मदरबोर्ड. या बोर्डावर साटाची, म्हणजे ड्राइव्ह जोडण्याच्या नव्या पद्धतीची, जोडणी नाही. जुन्या पद्धतीच्या, चाळीस पिनांच्या दोन आयडीई जोडण्या आहेत. पहिल्या जोडणीवर ८० जीबीची हार्ड डिस्क आहे आणि दुसरीवर ५२ एक्स वेगाचा जुना सीडी-रॉम ड्राइव्ह. छायाचित्रकाराची डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर दिसते, पण या ड्राइव्हमध्ये घातली की तो थोडा वेळ घरघरतो आणि डिस्क नसल्याचे सांगतो. यात त्याचा दोष नाही. सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो आणि तिच्यावरील माहितीच्या दोन मागांमधील अंतर १.६ मायक्रॉन असते. डीव्हीडीचे माग ०.७४ मायक्रॉनवर असल्याने त्यांना ६५० नॅनोमीटरचा बारीक किरण हवा. जाड निबाच्या टाकाने दोन ओळींच्या फटीत लिहायला सांगावे, तशी त्या बिचाऱ्याची अवस्था होते.

दुसरी अडचण फाइलच्या आकाराची आहे. एकाच ड्राइव्हवर प्रत काढायची तर मूळ डिस्कची पूर्ण प्रतिमा, म्हणजे तिच्यावरचे सगळे काही एकाच फाइलमध्ये, आधी हार्ड डिस्कवर उतरवावी लागते आणि आमच्या हार्ड डिस्कचा डी विभाग अजून फॅट३२ पद्धतीचा आहे, ज्यावर ४ जीबीपेक्षा मोठी एकसंध फाइल ठेवता येत नाही. विंडोज एक्सपीमधील कन्व्हर्ट आज्ञेने तो विभाग ही मर्यादा नसलेल्या एनटीएफएस पद्धतीचा करून घेतला. महत्त्वाचे काही त्यावर नव्हते, तरीही ते काम संपेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.

१४ नोव्हेंबर, शनिवार

कारखान्याची सुटी असल्याने दरपत्रके गोळा करण्यासाठी बाहेर पडलो. शहर बसने शालिमारला उतरून मेनरोड आणि महात्मा गांधी रस्ता पायी पाहिला, तेथून शरणपूर रस्त्याने कॅनडा कॉर्नरपर्यंत गेलो. एकूण पाच दुकाने झाली. पाचही ठिकाणी पहिला प्रश्न 'बजेट किती?' हाच होता. 'तुमच्या बोर्डावर जोडणी कोणती आहे?' असे एकाच दुकानदाराने विचारले आणि त्याच वेळी खरेदी बहुधा याच्याकडेच होईल असे मनाशी ठरले.

मिळालेले पर्याय असे. साटा जोडणीचा रायटर सर्वत्र उपलब्ध आहे आणि १,१०० रुपयांना मिळतो. आयडीईचा रायटर दोनच दुकानांत शिल्लक होता आणि त्याचा दर १,२५० रुपये, म्हणजे जुन्या पद्धतीची वस्तू नव्यापेक्षा दीडशे रुपयांनी महाग. पण मागणी ओसरलेल्या सुट्या भागांचे दर चढलेले कारखान्यातही रोज पाहतो, त्यामुळे नवल वाटले नाही. यूएसबीने बाहेरून जोडायचा ड्राइव्ह २,९०० रुपयांचा असल्याने त्याचा विचार तेथेच संपला. चौथा पर्याय एका दुकानदाराने फार आग्रहाने पुढे केला. खोक्यावर डीव्हीडी आणि रायटर असे दोन्ही शब्द होते आणि दर अवघा ८०० रुपये होता. तो निघाला कॉम्बो ड्राइव्ह, जो डीव्हीडी फक्त वाचतो आणि लिहितो ती फक्त सीडी. खोक्यावरचा मजकूर खोटा नव्हता, परंतु घाईतल्या गिऱ्हाइकाने त्याचा चुकीचाच अर्थ लावावा अशी त्याची मांडणी होती. घरचा जुना संगणक सजवू पाहणाऱ्या कोणालाही एवढेच सांगेन की, 'या ड्राइव्हवर डीव्हीडी-आर, म्हणजे कोरी डीव्हीडी, लिहिली जाते का?' असा थेट प्रश्न विचारावा.

१५ नोव्हेंबर

काल रात्री वहीत तुलनात्मक तक्ता मांडला. साटा रायटर स्वस्त दिसतो, पण आमच्या बोर्डासाठी साटाची जोडणी देणारे वेगळे पीसीआय कार्ड घ्यावे लागेल आणि त्याचा दर ४५० रुपये आहे, म्हणजे एकूण १,५५० रुपये. शिवाय अशी काही कार्डे केवळ हार्ड डिस्क ओळखतात, सीडी-डीव्हीडीचे ऑप्टिकल ड्राइव्ह ओळखत नाहीत. दुकानदार त्याची हमी द्यायला तयार नव्हता. पुढेमागे नवा संगणक घेतला तर साटा ड्राइव्ह त्यात बसेल, हा भाच्याचा युक्तिवाद रास्त आहे. मात्र तोपर्यंत नव्या संगणकासोबत रायटर येणारच आहे, तेव्हा आजच्या गरजेवर उद्याच्या संगणकाचा भार टाकण्यात अर्थ नाही. आयडीईवर शिक्कामोर्तब केले.

आता राहिला वेगाचा प्रश्न. खोक्यांवर १८ एक्स, २० एक्स, २२ एक्स असे आकडे मोठ्या अक्षरांत असतात आणि दुकानातले सगळे बोलणे त्यांच्याभोवतीच फिरते. डीव्हीडीचा १ एक्स म्हणजे सेकंदाला सुमारे १,३८५ केबी, सीडीच्या १ एक्सच्या नऊपट. त्या हिशेबाने ४.७ जीबीची डिस्क ४ एक्सला चौदा-पंधरा मिनिटे घेते आणि ८ एक्सला सात, प्रत्यक्षात आठ-नऊ मिनिटे. मग १६ एक्सला चार मिनिटे लागावीत असे वाटते, प्रत्यक्षात सहाच्या आसपास लागतात. कारण १६ एक्सला डिस्क कायम एकाच गतीने, मिनिटाला सुमारे नऊ हजार फेरे घेत फिरते आणि लेखन आतल्या कडेपासून बाहेर सरकते. आत परीघ लहान असल्याने सुरुवात साडेसहा एक्सच्या आसपास होते आणि १६ हा आकडा अगदी बाहेरच्या कडेला पोहोचल्यावर गाठला जातो. त्यापुढच्या २० आणि २२ एक्सने वाचणारा वेळ सेकंदांत मोजावा लागेल, आणि त्यासाठी त्या गतीला टिकणाऱ्या डिस्कही हव्यात. बाजारात मिळणाऱ्या डिस्कवर १६ एक्सच छापलेले असते. तेव्हा या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त द्यायचा नाही, असे वहीत लिहून खाली रेघ मारली. डिस्कवर लेझरने नक्षी कोरणारी लाइटस्क्राइबची सोयही वगळली, कारण तिला वेगळ्या, महागड्या डिस्क लागतात.

२१ नोव्हेंबर, शनिवार

जोडणी विचारणाऱ्या त्या दुकानातून लाइट-ऑनचा २० एक्स आयडीई रायटर १,२५० रुपयांना घेतला. २० एक्स हा आकडा आपोआप आला. त्याहून कमी वेगाचा त्यांच्याकडे नव्हताच. या ड्राइव्हची निवड दोन कारणांनी केली. एक म्हणजे लिहिलेल्या डिस्कवर किती चुका झाल्या आहेत हे मोजण्याची सोय तो देतो. दुसरे म्हणजे डीव्हीडी+आर डिस्कवरची ओळखखूण बदलून ती कारखान्यात छापलेल्या डीव्हीडी-रॉमसारखी दाखवता येते. -आर आणि +आर या कोऱ्या डिस्कच्या दोन वेगवेगळ्या गटांच्या पद्धती. उणे चिन्हाची १९९७ सालची आणि अधिक चिन्हाची २००२ सालची. आजचे रायटर दोन्ही लिहितात, परंतु जुने प्लेअर +आर पाहून अडून बसतात. आमच्या नातेवाइकांकडचे प्लेअर किती जुने आहेत हे विचारून उपयोग नाही. 'चांगला चालतो' हेच उत्तर मिळते. म्हणून सर्वसाधारणपणे जास्त ठिकाणी चालणारी डीव्हीडी-आर घ्यायचे ठरवले.

डिस्कच्या बाबतीत मात्र मी माल पारखून घेण्याचा माझाच नियम मोडला. परतताना दुसऱ्या एका दुकानात बिनखोक्याच्या सुट्या डिस्क नऊ रुपयांना दिसल्या आणि 'निदान चाचणीसाठी तरी' म्हणून दहा घेतल्या, ९० रुपये.

२२ नोव्हेंबर, रविवार

ड्राइव्ह बसवायला अर्धा तास लागला, त्यातला वीस मिनिटांचा वेळ गंजलेल्या दोन स्क्रूंनी खाल्ला. जुना सीडी-रॉम काढून टाकला, नव्याचा जंपर (पिनांवर बसवायची छोटी टोपी) मास्टरवर, म्हणजे जोडणीवरील मुख्य उपकरणाच्या जागी, ठेवला आणि हार्ड डिस्क पहिल्या जोडणीवर आहे तशीच राहू दिली. एका जोडणीवरील दोन उपकरणांपैकी एका वेळी एकच बोलू शकते, त्यामुळे वाचणारे आणि लिहिणारे उपकरण वेगळ्या जोडण्यांवर असलेले बरे. जुनी चाळीस तारांची पट्टीही बदलून ऐंशी तारांची लावली, ६० रुपये. पिना दोन्हींमध्ये चाळीसच असतात. जादा चाळीस तारा केवळ शेजारच्या तारांमधला गोंधळ शोषण्यासाठी असतात.

विंडोज एक्सपीने ड्राइव्ह लगेच ओळखला. पण एक्सपीच्या स्वतःच्या सोयीने फक्त सीडी लिहिता येते, डीव्हीडी नाही, म्हणून इमगबर्न हा मोफत प्रोग्राम घेतला. छायाचित्रकाराच्या डिस्कची प्रतिमा उतरवली, आकार ४.१ जीबी भरला. डिस्कच्या वेष्टनावरचे ४.७ जीबी म्हणजे ४७० कोटी बाइट असतात आणि संगणकाचा एक जीबी सुमारे १०७ कोटी बाइटांचा, त्यामुळे त्यावर प्रत्यक्षात ४.३७ जीबीच मावते. थोडक्यात बचावलो. मूळ चित्रीकरण ८.५ जीबीच्या दुहेरी थराच्या डिस्कवर असते, तर सगळे गणित विस्कटले असते, आणि ही गोष्ट मी खरेदीपूर्वी तपासायला हवी होती.

२४ नोव्हेंबर

पहिली प्रत रात्री ८ एक्सला लिहायला घेतली. नऊ मिनिटे अपेक्षित होती, लागली एकतीस. पडद्यावर बफरची, म्हणजे लिहिण्याआधी माहिती थोडी साठवण्याच्या जागेची, पट्टी सतत रिकामी होऊन भरत होती आणि लेखन मध्येच थांबून पुन्हा सुरू होत होते. बफर रिकामा झाला तरी डिस्क वाया जाऊ नये अशी व्यवस्था आजच्या ड्राइव्हमध्ये असते, म्हणून ती पूर्ण तरी झाली. दहा वर्षांपूर्वीच्या सीडी रायटरवर ती केराच्या टोपलीत गेली असती.

पहिला संशय अर्थातच ड्राइव्हवर गेला आणि उद्या दुकानात परत न्यावा असे वाटू लागले. सुदैवाने त्याआधी एक्सपीमधील उपकरणांच्या यादीत, डिव्हाइस मॅनेजरमध्ये, डोकावलो. दुसरी आयडीई जोडणी डीएमएऐवजी पीआयओ पद्धतीत चालत होती, म्हणजे माहितीचा प्रत्येक घास प्रोसेसरला स्वतःच्या हाताने भरवावा लागत होता. एक्सपी एखाद्या जोडणीवर सहा चुका मोजते आणि मग तिला खालच्या पद्धतीत उतरवून ठेवते. जुन्या सीडी-रॉमवर मुलीने वर्षानुवर्षे ओरखडलेल्या सीडी चालवल्या, त्याची शिक्षा नव्या ड्राइव्हला भोगावी लागत होती. डिव्हाइस मॅनेजरमधून ती जोडणी काढून टाकली आणि संगणक पुन्हा सुरू केला. एक्सपीने ती नव्याने शोधून डीएमएवर चढवली. दुसरी प्रत आठ मिनिटे चाळीस सेकंदांत लिहून झाली.

२८ नोव्हेंबर, शनिवार

लेखनानंतर प्रत्येक डिस्क मूळ प्रतिमेशी ताडून पाहण्याचा पर्याय सुरू केला आणि खरे चित्र आज दिसले. नऊ रुपयांच्या डिस्कपैकी पाच लिहिल्या, त्यांतील तीन ताडणीत नापास झाल्या, आणि तिन्ही बाहेरच्या कडेजवळ. टीव्हीवर या डिस्क सुरू होतात, पूजा दिसते, औक्षण दिसते. शेवटची वीस मिनिटे, म्हणजे अण्णांचे मनोगत, तेवढे अडकते. वेळ कमी म्हणून फक्त सुरुवात पाहून डिस्क वाटल्या असत्या, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही.

कारण समजून घ्यायला रात्रीचे बारा वाजले. प्रत्येक कोऱ्या डिस्कवर तिच्या उत्पादकाचा संकेत आधीच नोंदलेला असतो. निरनिराळ्या उत्पादकांचे रंगद्रव्य वेगवेगळे असल्याने कोणत्या डिस्कवर लेझर किती तापवायचा आणि किती क्षण धरायचा, याची यादी ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या प्रोग्राममध्ये, असते. डिस्कचा संकेत त्या यादीत सापडला तर ड्राइव्ह तिला साजेसे लिहितो. नाही सापडला तर ढोबळ अंदाजाने. इमगबर्नमध्ये हा संकेत दिसतो. माझ्या सुट्या डिस्कचा संकेत वेष्टनावरील नावाशी जुळत नव्हताच, उरलेल्या कोऱ्या डिस्कमध्येही तो दोन तऱ्हांचा निघाला, म्हणजे एकाच गठ्ठ्यात दोन ठिकाणचा माल होता. आमच्या भांडारात असा गठ्ठा आला असता, तर मी तो दारातूनच परत पाठवला असता. येथे नऊ रुपयांना भुललो.

२९ नोव्हेंबर, रविवार

शरणपूर रस्त्यावरून मोझर बेअरच्या पंचवीस डीव्हीडी-आर डिस्कचा बंद डबा ४०० रुपयांना आणला. या डिस्क भारतात बनतात आणि त्यांचा संकेत 'एमबीआय' या अक्षरांनी सुरू होतो. पडद्यावर तो तसाच उमटल्यावर हायसे वाटले. एक डिस्क ८ एक्सला आणि एक १६ एक्सला लिहून दोन्हींवरील चुका मोजल्या. लागोपाठच्या आठ विभागांत मिळून २८० पेक्षा जास्त चुका नसाव्यात, अशी डीव्हीडीच्या मानकाची मर्यादा आहे. ८ एक्सची डिस्क तिच्या पुष्कळ खाली राहिली. १६ एक्सचीही मर्यादेत होती, पण आलेख बाहेरच्या कडेला वर उसळला. अडीच-तीन मिनिटे वाचवण्यासाठी ती उसळी पत्करायची नाही, असे ठरवून सर्व प्रती ८ एक्सलाच काढायच्या.

६ डिसेंबर, रविवार

या आठवड्यात दररोज दोन-तीन प्रती काढल्या. डिस्कपेक्षा भारनियमनाचेच वेळापत्रक जास्त सांभाळावे लागले. लिहिता लिहिता वीज गेली तर डीव्हीडी-आर तेथून पुढे चालू करता येत नाही, ती वाया जाते. आमच्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस आहे आणि तो जेमतेम दहा मिनिटे तग धरतो. लेखन सुरू झाले की जाडजूड मॉनिटर बंद करायचा, मग तो थोडा अधिक पुरतो. गुरुवारी वेळापत्रकात नसताना वीज गेली तेव्हा सातवी प्रत साठ टक्क्यांवर होती. अंधारात आम्ही दोघे यूपीएसची पीं-पीं ऐकत बसलो आणि ड्राइव्हचा दिवा विझेपर्यंत सौ. काहीही बोलल्या नाहीत. प्रत पूर्ण झाली. ताडणी वीज आल्यावर केली.

डिस्कवर कागदी लेबल चिकटवायचे नाही, असे भाच्याला बजावले. नऊ हजारांच्या जवळपास फेरे घेणाऱ्या चकतीवर किंचित तिरपे बसलेले लेबलही तोल बिघडवते. नाव आणि तारीख पाण्याच्या शाईच्या मार्करने वरच्या बाजूला लिहिली. डीव्हीडीत माहितीचा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मध्ये असतो, सीडीत तो लेबलाच्या लाखेखालीच असतो, त्यामुळे लिहिताना डीव्हीडीला धोका कमी. तरीही बॉलपेन वापरलेले नाही.

१३ डिसेंबर

बारा प्रती पूर्ण झाल्या. छायाचित्रांच्या पाच डिस्कही झाल्या आणि त्यांचा दुसरा संच उरलेल्या डिस्कवर काढून ताईकडे पंचवटीत ठेवायला दिला, कारण दोन्ही संच एकाच कपाटात ठेवले तर दुसऱ्याचा उपयोग काय? नाशिकच्या पावसाळ्यात भिंतीलगतच्या कपाटाला ओल येते, म्हणून आमचा संच आतल्या खोलीत, उभा आणि उन्हापासून दूर ठेवला आहे.

जमाखर्च असा : रायटर १,२५०, पट्टी ६०, सुट्या डिस्क ९०, चांगल्या डिस्क ४००. एकूण १,८०० रुपये. बेरीज दोनदा केली. छायाचित्रकाराने सांगितलेला आकडा आणि हा आकडा एकच आला. त्यातले ९० रुपये माझ्या मोहाचे.

२० डिसेंबर, रविवार

दिंडोरीच्या आत्यांकडून डिस्क परत आली. अकरा घरी ती चालली, त्यांच्या जुन्या प्लेअरवर मात्र 'नो डिस्क' येते. ड्राइव्हच्या निवडीचे दुसरे कारण अखेर कामी येणार होते. एक डीव्हीडी+आर १८ रुपयांना आणली, इमगबर्नमध्ये तिची ओळखखूण डीव्हीडी-रॉम अशी बदलली आणि ४ एक्सला लिहून ताडून पाहिली. दुपारी थंडीत स्कूटरवरून मी स्वतःच दिंडोरीला गेलो, कारण निरोपावर विसंबून राहण्याइतका धीर उरला नव्हता. प्लेअर अर्धा मिनिट विचार करत बसला आणि मग पडद्यावर अण्णा दिसले. आत्यांनी पूजेचा भाग पुढे सरकवायला सांगितला, मनोगतापाशी थांबवले आणि ते दोनदा ऐकले.

परतल्यावर खर्चाच्या पानावर १८ रुपये वाढवले. जुना सीडी-रॉम माळ्यावर गेला आहे. त्याचा जंपर काडेपेटीत घालून वर नाव लिहून ठेवले आहे.